घरातली बंदूक आणि कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फळ्यावर लिहिलेला विषय वाचून काही जणींच्या कपाळाला आठ्या पडल्या, हे मी इकडे येतानाच पाहिले. वर्धापनदिनाला आहारशास्त्र, बालसंगोपन, फार तर ग्राहकांचे हक्क असे काही असावे. आपल्या मंडळात बंदुकीचे काय काम? शंका रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी बंदूक पाहिली असेल ती बँकेच्या दारातल्या पहारेकऱ्याच्या खांद्यावर, आणि कोकणातल्या काही जणींनी माहेरच्या माजघरात खुंटीला टांगलेली. तेवढ्यावर आपला तिचा परिचय संपतो.

तथापि आपल्या वसाहतीतल्या कितीतरी घरांतली मुलेसुना आज अमेरिकेत आहेत. त्यांची मुले ज्या शाळांत जातात तेथे आग लागली तर काय करावे याच्या सरावाबरोबर आणखी एक सराव असतो. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरला तर दिवे मालवावयाचे, दार आतून लावावयाचे आणि भिंतीशी अंग चोरून गप्प बसावयाचे. पाच वर्षांच्या पोराला गप्प बसविणे किती कठीण, हे या सभेत सांगावयास नको. इतक्या शिकलेल्या, पैसेवाल्या देशाला हे का थांबविता येत नाही, असा प्रश्न आपण आज्या दूरध्वनीवर विचारतो आणि तिकडून उत्तर येते की, हा वाद इथे फार जुना आहे. तो वाद काय आहे, हे मला आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे. मात्र सुरुवात अमेरिकेपासून न करता स्कॉटलंडपासून करते, कारण हाच प्रश्न तेथे दोन वर्षांच्या आत निकालात निघाला आणि त्यात बायकांचा हात मोठा होता.

डनब्लेन हे स्कॉटलंडमधले एक लहानसे गाव. १३ मार्च १९९६ रोजी सकाळी तेथल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक त्रेचाळीस वर्षांचा माणूस पिस्तुले व रिव्हॉल्व्हर मिळून चार शस्त्रे घेऊन शिरला. काही मिनिटांत त्याने सोळा मुले आणि त्यांच्या बाई यांना ठार केले व शेवटी स्वतःलाही संपविले. मुले पाच-सहा वर्षांची, म्हणजे आपल्याकडच्या पहिलीच्या वर्गातली. पुढे टेनिसमध्ये जगभर नाव झालेला अँडी मरे त्या दिवशी त्याच शाळेत होता. तो आठ वर्षांचा होता.

आता यातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ऐका. ती चारही शस्त्रे परवान्याची होती. चोरून आणलेली नव्हती, गुंडाकडून घेतलेली नव्हती. त्या माणसाविषयी गावात कुजबुज होती, मुलांशी त्याच्या वागण्याबद्दल पालकांच्या तक्रारी होत्या, आणि १९९१ सालीच एका पोलीस अधिकाऱ्याने याचा परवाना काढून घ्यावा असे आपल्या वरिष्ठांना लेखी कळविले होते. तो कागद वर गेला आणि तेथेच राहिला. परवान्याची मुदत पुढेही वाढत गेली. लॉर्ड कलन या न्यायाधीशांनी चौकशी केली तेव्हा हे सारे उजेडात आले. सरकारी टेबलावर पडून राहिलेला कागद म्हणजे काय, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पण आपला कागद बहुधा गटाराचा किंवा नळाचा असतो.

त्या गावच्या आयांच्या परिचयातल्या काही बायका पुढे आल्या आणि खाजगी माणसाजवळ हातबंदूक असूच नये अशा मागणीचा अर्ज त्यांनी सह्यांसाठी फिरविला. अर्जाला नाव दिले 'स्नोड्रॉप'. हे एक पांढरे, मान खाली घातलेले फूल आहे. मार्चच्या त्या थंडीत तेवढेच फुललेले होते म्हणून ते नाव. सह्या गोळा झाल्या सात लाखांहून अधिक. नळाच्या अर्जावर दोनशे सह्या मिळविताना आपली किती पायपीट झाली होती ते आठवा, म्हणजे सात लाखांचा अंदाज येईल.

दुसरी बाजूही गप्प नव्हती. नेमबाजीच्या क्लबांत जाणारी हजारो माणसे म्हणाली, आम्ही कायदा पाळणारे, शिस्तीने सराव करणारे लोक; एका माथेफिरूच्या कृत्याची शिक्षा आम्हांला का? या म्हणण्यात खोटे काही नव्हते. खुद्द लॉर्ड कलन यांनीही सरसकट बंदी न सुचविता, शस्त्राचा मुख्य भाग काढून क्लबातच ठेवावा अशासारखे मधले मार्ग आधी पुढे केले होते. पण लोकमत त्याच्या पुढे गेलेले होते. १९९७ मध्ये आधी जॉन मेजर यांच्या हुजूरपक्षाच्या सरकारने मोठ्या व्यासाच्या गोळीच्या हातबंदुकांवर बंदी घातली आणि निवडणुकीनंतर टोनी ब्लेअर यांच्या मजूरपक्षाने उरलेल्या लहान व्यासाच्याही बंद केल्या. मालकांना भरपाई देऊन सुमारे १ लाख ६२ हजार हातबंदुका सरकारने गोळा केल्या. त्यानंतर ऑलिंपिकच्या पिस्तूल-नेमबाजांना सरावासाठी देशाबाहेर जावे लागले. एवढी किंमत त्या खेळाडूंनी मोजली, हेही सांगितले पाहिजे.

मग सगळे आलबेल झाले का? नाही. बंदीनंतरची काही वर्षे बेकायदा पिस्तुलांचे गुन्हे वाढलेच, आणि बंदीचे विरोधक ते आकडे आजही दाखवितात. २०१० मध्ये कंब्रिया भागात एका माणसाने परवान्याच्या बंदुकांनी बारा जणांना मारले. २०२१ मध्ये प्लिमथला पाच जणांचा बळी गेला. तेथल्या मारेकऱ्याची बंदूक पोलिसांनी आधी जप्त केली होती आणि मग परत दिली होती. म्हणजे पुन्हा तेच टेबल आणि तोच कागद. परंतु डनब्लेनसारखे शाळेतले हत्याकांड ब्रिटनमध्ये त्यानंतर झालेले नाही. हे नुसत्या कायद्याचेच फळ, असे मी म्हणणार नाही. कायद्याचा त्यात काहीच वाटा नाही, असे म्हणणाऱ्याला मात्र बरेच काही समजावून सांगावे लागेल.

आता अमेरिका. तिथे मूळ अडचण अशी की, बंदूक बाळगण्याचा उल्लेख राज्यघटनेतच आहे. घटनेची दुसरी दुरुस्ती १७९१ ची. नागरिकांची फौज आणि शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क, अशा दोन्ही गोष्टी तिच्यातल्या एकाच वाक्यात आहेत, आणि त्या वाक्याचा अर्थ लावण्यात दोन शतके गेली. २००८ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की, हा हक्क एकेकट्या माणसाचा आहे आणि स्वसंरक्षणासाठी घरात हातबंदूक ठेवणे त्यात येते. हा हक्क अमर्याद नाही, असेही त्याच निकालात म्हटले आहे. पण भांडताना लोक निकालाचा आपल्या सोयीचा अर्धाच भाग वाचतात.

बंदुकीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दूर माळावर एकटे घर, पोलीस यावयास तास लागणार, घरात बाई आणि दोन मुले. तिने दाराशी आलेल्या चोराला काय दाखवावयाचे, लाटणे? चोर परवाना काढून येत नाही, हेही खरे. अशा मताच्या बायका तेथे लाखांनी आहेत, आणि त्या वेड्या नाहीत. अडचण अशी आहे की, चोर क्वचित येतो आणि बंदूक बारा महिने घरात असते. २०१७ च्या अंदाजाप्रमाणे त्या देशात नागरिकांजवळ सुमारे ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०२२ मध्ये तेथे ४८ हजारांवर माणसे बंदुकीने मेली. यातली निम्म्याहून अधिक कोणी मारलेली नव्हती. त्यांनी स्वतःच जीव दिला होता.

इथे क्षणभर थांबते, कारण वर्तमानपत्रांत शाळांवरचे हल्ले येतात आणि हे मरण येत नाही. पुष्कळदा जीव देण्याचा विचार एखाद्या वावटळीसारखा येतो आणि हाताशी साधन नसेल तर निघूनही जातो. बंदूक हाताशी असली की परतीची वाट उरत नाही. आपल्याकडे बंदुका नाहीत, पण विदर्भातल्या घराघरांत कोपऱ्यात पिकावर फवारण्याच्या औषधाचा डबा असतो, आणि तो काय करतो हे महाराष्ट्राला सांगावयास नको. श्रीलंकेने अशी सर्वांत जहाल औषधे एकेक करून बाजारातून काढून टाकली, तेव्हा तेथल्या आत्महत्या फार मोठ्या प्रमाणात घटल्या. माणसांची दुःखे घटली होती असे नव्हे. साधन दूर गेले होते.

अमेरिकेतही कायद्यासाठी झटलेल्या बायका बऱ्याच आहेत. त्यांतल्या दोघींचीच नावे घेते. सेरा ब्रॅडी यांचे पती जेम्स हे राष्ट्राध्यक्ष रेगन यांचे वृत्तसचिव. १९८१ मध्ये रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा एक गोळी जेम्स यांच्या डोक्यात लागली व ते जन्माचे अपंग झाले. परंतु बाई चळवळीत पडल्या त्या पुढे काही वर्षांनी. एका स्नेह्यांच्या गाडीत बसल्यावर त्यांच्या लहान मुलाने सीटवरचे खेळण्यातले वाटणारे पिस्तूल उचलले. बाईंनी ते हातातून घेतले तो ते खरे निघाले, आणि भरलेले! दुकानातून बंदूक घेणाऱ्याची पूर्वपीठिका तपासावी, एवढ्याच मागणीसाठी त्या आणि त्यांचे पती वर्षानुवर्षे झगडले. १९९३ च्या नोव्हेंबरात तो कायदा झाला आणि त्याला ब्रॅडी यांचेच नाव मिळाले. मात्र एका खाजगी माणसाने दुसऱ्याला विकलेल्या बंदुकीला ती तपासणी लागू झाली नाही. हे भगदाड पुष्कळ राज्यांत आजही उघडे आहे.

दुसऱ्या कॅरोलिन मॅकार्थी, व्यवसायाने परिचारिका. डिसेंबर १९९३ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या लोकलगाडीत एकाने गोळ्या झाडल्या. सहा माणसे मेली, त्यांत यांचे पती होते. मुलगा डोक्याला गोळी लागून कसाबसा वाचला. पुढे त्यांच्या भागाच्या काँग्रेस-सदस्याने युद्धात शोभतील अशा बंदुकांवरील बंदी उठविण्याच्या बाजूने मत दिले. बाईंनी १९९६ च्या निवडणुकीत त्याच्याविरुद्ध अर्ज भरला आणि त्याला पाडले. अठरा वर्षे त्या काँग्रेसमध्ये होत्या. ती बंदी मात्र दहा वर्षांच्या मुदतीची होती. २००४ मध्ये ती संपली आणि पुन्हा झाली नाही.

१४ डिसेंबर २०१२ रोजी कनेटिकट राज्यातल्या न्यूटाउन गावी डनब्लेनचीच पुनरावृत्ती झाली: वीस मुले, सहा-सात वर्षांची, आणि शाळेतली सहा मोठी माणसे. मारेकरी वीस वर्षांचा. शाळेत जाण्यापूर्वी त्याने घरी आपल्या आईला मारले, आणि बंदुका होत्या त्या आईच्या, रीतसर विकत घेतलेल्या. पुढच्या एप्रिलमध्ये खाजगी विक्रीलाही तपासणी लावण्याचा प्रस्ताव सेनेटपुढे आला. बाजूने ५४ मते, विरुद्ध ४६. आपल्या हिशेबाने मंजूर. पण तेथे अडवणूक मोडावयास ६० लागतात. प्रस्ताव पडला. डनब्लेनला सात लाख सह्यांनी जे झाले ते इथे का झाले नाही, याचे उत्तर बरेचसे या साठाच्या आकड्यात आणि १७९१ च्या त्या वाक्यात आहे. तेथल्या आयांची माया कमी होती, असे कोणी समजू नये.

त्यानंतर दहा वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, टेक्सासमधल्या युवाल्डी गावी एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या, तेव्हा महिन्याभरात दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला. एकवीस वर्षांखालच्या गिऱ्हाइकाची अधिक कसून तपासणी व्हावी, आणि लग्नाशिवाय जवळचे प्रेमसंबंध असलेल्या स्त्रीला मारहाण केल्याबद्दल शिक्षा झालेल्याला काही वर्षे बंदूक मिळू नये, अशी कलमे त्यात आहेत. बायको मारणाऱ्या नवऱ्यासाठी असा नियम १९९६ पासून होताच. ज्या घरात मारझोड आहे तेथे बंदूकही असली तर बाईच्या जिवाचा धोका कैक पटींनी वाढतो, असे तेथल्या संशोधकांना आढळले आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे याच जातीचा प्रश्न गेला. बाईला संरक्षण देणारा न्यायालयाचा हुकूम ज्याच्याविरुद्ध आहे त्याची बंदूक काढून घेता येईल काय? आठ विरुद्ध एक मताने न्यायालय म्हणाले, येईल. इतर बाबतींत बंदुकीच्या हक्काला उचलून धरणारेच ते न्यायाधीश, म्हणून या निकालाचे मोल मला अधिक वाटते.

त्याच वर्षी मिशिगन राज्यात एक आई आणि बाप, दोघे तुरुंगात गेले. त्यांच्या पंधरा वर्षांच्या मुलाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑक्सफर्ड या गावच्या शाळेत चार विद्यार्थ्यांना मारले होते. पिस्तूल बापाने चारच दिवसांपूर्वी खरेदी केले होते, मुलासाठी. त्या दिवशी सकाळीच मुलाने कागदावर काढलेली भयंकर चित्रे शाळेने आईबापांना बोलावून दाखविली. ते पाहून मुलाला शाळेतच ठेवून परत गेले. ज्यूरीने दोघांनाही मनुष्यवधाबद्दल दोषी ठरविले आणि शिक्षा झाली किमान दहा वर्षांची. शिक्षा फार कडक आहे असे काहींना वाटते. मला वाटत नाही. बंदूक कपाटात कुलूप लावून ठेवणे हे काम सरकार येऊन करू शकत नाही.

आपल्याकडे हा वाद झालाच नाही, असे समजू नका. १८७८ चा हत्यारांचा कायदा इंग्रजांनी केला तेव्हा गोऱ्यांना सूट आणि आपल्याला मनाई, अशी त्याची तऱ्हा होती. तो अपमान आपल्या पुढाऱ्यांच्या मनात इतका सलत होता की, १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून का होईना, शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला. स्वातंत्र्य आल्यावर घटना समितीत १९४८ च्या डिसेंबरात हरि विष्णु कामत यांनी त्याच ठरावाची आठवण देऊन हा हक्क घटनेत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. ती मागणी परक्या राज्यात झालेली होती. आता वाटेल त्याने बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार बिनदिक्कत घ्यावे म्हटले तर राज्यकारभार चालावयाचा कसा, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. दुरुस्ती फेटाळली गेली. अमेरिका आज ज्या वाक्यात अडकली आहे ते वाक्य आपल्या घटनेत नाही, याचे श्रेय त्या दिवसाला आहे. शाळेत याविषयी एक ओळही शिकवीत नाहीत, ही खेदाची गोष्ट होय.

आपला आजचा कायदा १९५९ चा. त्याप्रमाणे परवाना मागणाऱ्याची पोलिसांकडून चौकशी होते, आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची लेखी हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाजवळ तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली, आणि आनंदाच्या भरात बेफिकिरीने गोळीबार करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड सांगितला. हे कलम का आले? उत्तरेकडे लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस आहे. २०१६ च्या डिसेंबरात पंजाबात भठिंडा जिल्ह्यात एका लग्नात स्टेजवर नाचणारी तरुणी अशाच गोळीने गेली. तिच्या पोटात मूल होते. अशा बातम्या दर लग्नसराईत येतात. गावठी कट्ट्यांचा प्रश्न तर परवान्याच्या बाहेरचाच. त्याला कायदा आहे, हवी आहे ती धरपकड.

आपल्या कोकणात मात्र बंदूक आहे ती शेताच्या राखणीची. रानडुकरे आणि वानरे यांनी हातातोंडाशी आलेले पीक नासू नये म्हणून ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. निवडणूक आली की ती पोलीसठाण्यात जमा करावी लागते, आणि नेमके तेव्हाच शेतात डुकरे शिरतात, ही तिकडची नेहमीची कुरकुर. कुरकुर खरी आहे.

शेवटी एक उपयोगाची गोष्ट सांगते, कारण ती बहुधा बायकांवरच येऊन पडते. परवाना घराचा नसतो, माणसाचा असतो. परवानाधारक वारला की त्याच क्षणी घरातली बंदूक बिनपरवान्याची होते, मग ती पन्नास वर्षे त्याच खुंटीवर का असेना. दिवसकार्याच्या गडबडीत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. ती पेटीत किंवा माळ्यावर जाते आणि पुढे नातवंडांच्या हाती लागते. कायद्याप्रमाणे वारसांनी ती विलंब न लावता जवळच्या पोलीसठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाची असते. नंतर घरातल्या कोणाला परवाना मिळाला तर ती परत घेता येते, अथवा ज्याला परवाना आहे त्याला विकता येते. त्याला मुदत असते, आणि ती टळली तर शस्त्र सरकारजमा होऊ शकते. काडतुसे आणि दारूही सोबत न्यावी. ठाण्यावर जाताना परवान्याचे पुस्तक व मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा, आणि जमा केल्याची पावती हातात पडल्याखेरीज तेथून उठू नये.